बाईंच्या नावापुढचा भोपळा

त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. रागाने नाही, आळसानेही नाही. काय लिहावं तेच सुचत नव्हतं. पत्र मी टेबलावरच्या जाडजूड शब्दकोशाखाली ठेवून दिलं होतं. त्यामुळे मला कुठल्याच शब्दाचा अर्थ बघता येईना, कारण कोश उचलला की पत्र दिसायचं.

पत्र घोडे तयार करणाऱ्या एका ट्रेनरबाईंचं होतं. रेसकोर्सच्या मागच्या अंगाला त्यांची लहानशी पागा आहे आणि सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात, एवढंच मला ऐकून ठाऊक होतं. अक्षर मोठं आणि सरळ, समासाबिमासाची पर्वा न करता कागदभर चाललेलं.

‘सप्रेम नमस्कार. आपली ओळख नाही. लांब विश्रांतीनंतर परतणाऱ्या घोड्यांच्या रकान्यात तुम्ही माझ्या नावापुढे भोपळा काढला आहे असं कानावर आलं. ज्यांची घोडी माझ्याकडे आहे त्या दातांच्या डॉक्टरांच्याही कानावर गेलं, आणि महिनाअखेरीस ते तिला दुसऱ्या ट्रेनरकडे नेणार आहेत. माझी तक्रार नाही. माझ्याकडून गेलेले घोडे दुसरीकडे जिंकतात, हे मीच इतकी वर्षं बघत आले आहे. घोड्याच्या पायाचं दुखणं बरं करता येतं म्हणून कुणी ट्रेनर होत नाही, असं आताशा वाटतं. ही घोडी गेली की पागा बंद करायची, असं ठरवलं आहे. फक्त एक सांगा. तुमचा आकडा खरा आहे ना? खरा असेल तर मी भांडणार नाही.’

आकडा खरा होता. तीच तर पंचाईत होती.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे. जन्मात कधी पैज लावलेली नाही. घोडा जवळून पाहिला तो बुद्धिबळाच्या पटावर, आणि तोही बहुतेक वेळा गमावताना. या सगळ्यात मला ओढलं ते माझ्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने. तो विमा विकतो आणि रविवारी रेसला जातो. मी निवृत्त झालो त्या आठवड्यात तो जुन्या रेसच्या पुस्तकांचे दोन गठ्ठे घेऊन दारात उभा राहिला.

“भाऊजी, घोडे मी बघतो, आकडे तुम्ही बघा.”

“दोघं मिळून एक धड माणूस होईल,” बायको आतून म्हणाली.

मला काम आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. लोक घोडा बघतात, जॉकी बघतात. पण घोड्याला शर्यतीच्या दिवसापर्यंत नीट आणतो तो ट्रेनर, आणि प्रत्येक ट्रेनरचा हात कुठल्यातरी एकाच गोष्टीत बसलेला असतो. कुणाचे कोवळे घोडे पहिल्याच शर्यतीत चमकतात. कुणाचे लांब पल्ला असल्याशिवाय जागेच होत नाहीत. कुणी दुखापतीनंतर कित्येक महिने विश्रांती घेऊन आलेल्या घोड्याला परतल्या परतल्या जिंकवून दाखवतो. हे एखाद्या रविवारी दिसत नाही. वर्षानुवर्षांचे निकाल शेजारी शेजारी मांडावे लागतात. नुसत्या जिंकलेल्या शर्यती मोजूनही भागत नाही, कारण ज्याच्या पागेत घोडे जास्त तो जास्त जिंकणारच. किती धावले, त्यांतले किती जिंकले, आणि लोकांना ज्यांची आशा नव्हती असे किती जिंकले, हे सगळं बघायचं. मी प्रत्येक ट्रेनरला असे रकाने पाडून दिले.

विश्रांतीच्या रकान्यात सर्वांत वर होते तलाववाले. या ट्रेनरने घोड्यांना पोहायला म्हणून खास तलाव बांधला आहे, त्यावरून हे नाव. आणि सर्वांत खाली, भोपळ्यासह, बाई.

मी हे मेहुण्याला सांगताना नेहमीची सगळी पथ्यं पाळली. नमुना लहान आहे म्हणालो, घाईने निष्कर्ष काढू नकोस म्हणालो, योगायोगही असू शकतो म्हणालो. त्याने मान डोलावली आणि त्यातला फक्त भोपळा उचलून गावभर वाटला. न्हाव्याला सांगितला, बुकीला सांगितला, आणि स्वतःची दाढ दाखवायला गेला तेव्हा दातांच्या डॉक्टरांना सांगितला. हेच डॉक्टर त्या घोडीचे मालक.

म्हणून पत्र आलं होतं, आणि म्हणून मी खर्ड्यावर खर्डे लिहीत होतो. बायकोने त्यातला एक वाचला.

“‘आकडा एका अर्थाने खरा आहे, तथापि दुसऱ्या अर्थाने तो तसा असेलच असे नाही, अर्थात माझी चूकही होत असेल.’ अहो, हे पत्र आहे की औषधाच्या बाटलीवरची सूचना?”

“त्यांना खोटं कसं लिहू?”

“खोटं नका लिहू. काहीतरी लिहा. लग्नाला होकारसुद्धा तुम्ही ‘बहुधा’ म्हणूनच कळवला होतात.”

“तेव्हा नमुना एकच होता,” मी म्हणालो.

ती हसली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी पत्र पुन्हा काढलं, आणि या वेळी एका वाक्यापाशी थांबलो. ‘माझ्याकडून गेलेले घोडे दुसरीकडे जिंकतात.’ बाईंनी ते स्वतःच्या विरुद्ध पुरावा म्हणून लिहिलं होतं, आणि मीही ते तसंच वाचत आलो होतो. पण ते घोडे माझ्या तक्त्यात होते कुठे?

रेसच्या पुस्तकात घोड्यापुढे ट्रेनरचं नाव छापतात ते आजच्या. कालपर्यंत घोडा कुणाच्या पागेत होता, हे तिथे नसतं. ते हवं असेल तर जुनी पुस्तकं उपसावी लागतात. मी सतरंजी टाकून सगळी पुस्तकं जमिनीवर पसरली. बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर यायला वाट उरली नाही, तेव्हा तिने उंबऱ्यातूनच विचारलं, “काय हरवलंय?”

“घोडे,” मी म्हणालो. “आणि सापडतायत.”

तलाववाल्यांचे विश्रांतीनंतर जिंकलेले घोडे मी एकेक करून मागे नेत होतो, आणि बहुतेकांची मागची पागा एकच निघत होती. बाईंची.

“म्हणजे काय?”

“म्हणजे घोडा लंगडायला लागला की मालक त्याला बाईंकडे ठेवतो. बाई महिनोन्‌महिने खपून त्याचा पाय बरा करतात. घोडा पळायला लागला की मालकाला वाटतं, आता याला मोठ्या ट्रेनरकडे द्यावा. तो तलाववाल्यांकडे जातो, पहिलीच शर्यत मारतो, आणि पुस्तकात नाव लागतं तलाववाल्यांचं. बाईंच्या नावावर उरतात कोण? जे पुरते बरे झाले नाहीत, आणि तरी मालकाच्या हट्टापायी धावले, ते.”

“म्हणजे रांधलं तिनं आणि वाढलं त्यानं.”

“किंवा वाढणाऱ्याच्याच हाताला चव असेल,” मी म्हणालो. शंका ही माझी जुनी सोबतीण. बायकोपेक्षाही जुनी. “तलावाचा गुणही असू शकतो.”

“मग बघा तपासून. मी इथेच अडकलेय, मला कुठे जायचंय.”

मी तपासलं. दुसऱ्या पागांमधूनही काही घोडे विश्रांतीनंतर तलाववाल्यांकडे आले होते. तेच पाणी, तेच पोहणं, आणि ते इतर कुणाच्याही घोड्यांइतकेच हरत होते. मग उलट बाजूने बघितलं. बाईंकडून बरे होऊन निघालेले काही घोडे तलाववाल्यांकडे न जाता भलत्याच ट्रेनरांकडे गेले होते, आणि तेही जिंकत होते. पागा बदलत होत्या, पाणी बदलत होतं. जिंकणाऱ्या सगळ्यांत एकच गोष्ट सारखी होती, बाईंचा हात. चूक माझ्या बेरजेत नव्हती, पण माझ्या समजुतीतला भोपळा मात्र चांगला दोन्ही हातांत न मावणारा होता.

तितक्यात मेहुणा आला. बूट काढून, पुस्तकांवरून उड्या मारत खुर्चीपर्यंत पोहोचला आणि बहिणीच्या हातचा चहा घेऊन त्याने सगळं ऐकलं. ऐकता ऐकता त्याचा चहा गार झाला. असं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

“भाऊजी, हे सोनं आहे, सोनं! बाईंच्या दारातून जो घोडा बाहेर पडेल त्याच्यावर डोळे मिटून लावायचं. आणि हे तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही!”

“मलाही माहीत आहे,” बायको म्हणाली.

“ताई, तू घरातली. भाऊजी, आता नीट ऐका. महिना संपत आलाय, डॉक्टरांची घोडी या रविवारी तलाववाल्यांकडे जातेय. तिथे ती पहिली शर्यत मारणार. आपण लावू. मग तुम्ही खुशाल बाईंना हवं ते लिहा. चांगलं चार पानी लिहा.”

“तोवर पागा बंद झालेली असेल,” मी म्हणालो.

“आत्ता पत्र टाकलंत तर काय होईल? मालकांना कळेल. घोडे बाईंकडेच राहतील. मग आपल्याला हे कळून उपयोग काय?”

“लाज नाही वाटत?” बायकोने पुस्तकांवरून पाऊल टाकत येऊन त्याच्या पुढ्यातला कप उचलला. “कुणाची पागा बुडावी म्हणून वाट बघत बसायचं?”

“अगं, वाट कुठे बघायला सांगतोय? भाऊजींना काहीसुद्धा करायचं नाहीये. ते आत्ता जे करतायत तेच फक्त करत राहायचं.”

त्याने ते चेष्टेत म्हटलं होतं. पण मला ते लागलं. मी समजत होतो की उत्तर न देऊन मी सावधपणा करतोय, कुणाच्या बाजूने नाही की विरुद्ध नाही. इथे तर माझं गप्प बसणं घोडीवर पैसे लावून मोकळं झालं होतं.

तरीही मी लगेच लिहिलं नाही. त्या दिवशी माझी दाढ दुखायला लागली. बायकोच्या मते ती लिहावं लागू नये म्हणून दुखत होती. मेहुण्याने नातं न सांगता परस्पर फोन करून माझ्यासाठी वेळ घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आडवा झालो. त्यांच्या दृष्टीने मी नुसता एक म्हातारा पेशंट. मी मनाशी ठरवलं होतं की बसल्या बसल्या बोलून टाकायचं. पण बोलायला तोंड उघडलं आणि डॉक्टरांना वाटलं, दाढ दाखवतोय.

“मोठं करा. अजून. हां, असंच ठेवा. रेसला जाता का कधी?”

“अं-अं.”

“नकाच जाऊ. पण गेलात तर आकड्यांवर भरवसा ठेवा. माझ्या एका पेशंटचे भाऊजी आहेत, मोठे प्रोफेसर. जन्मात एक पैज हरले नाहीत!”

हे अक्षरशः खरं होतं.

“त्यांनी हिशोब काढलाय. माझी घोडी ज्यांच्याकडे आहे त्या बाई, भोपळा! वाईट वाटतं हो. घोडीला पोटच्या पोरीसारखं जपतात. आली तेव्हा तीन पायांवर उभी होती, आता दौडते. पण आकड्यापुढे आपण काय बोलणार? मागेच जाऊन बाईंना स्पष्ट सांगून आलो. रविवारी हलवतोय. दुखतंय का?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दुखतही होतं, ही गोष्ट वेगळी.

त्यांनी दाढ भरली, वर कापसाचा बोळा ठेवला आणि म्हणाले, “आता अर्धा तास दात घट्ट मिटून ठेवायचे. एक शब्द बोलायचा नाही.”

हा हुकूम कुणीतरी द्यावा म्हणून मी आयुष्यभर वाट पाहिली होती. आणि तो मिळाला तो नेमका ज्या दिवशी मला बोलायचं होतं त्या दिवशी. मी खुर्चीतून उतरलो, दाराकडे गेलो, परत फिरलो. डॉक्टरांच्या टेबलावर औषधं लिहून द्यायचं पॅड होतं. न विचारता मी ते ओढलं आणि लिहिलं: ‘तो प्रोफेसर मी. प्रोफेसर नव्हतो, नुसता व्याख्याता होतो.’

“अहो, मग आधी नाही का बोलायचं!”

मी गालाकडे बोट दाखवलं.

“बरं, बरं. लिहा.”

मी लिहीत गेलो, डॉक्टर मोठ्याने वाचत गेले. बाहेर बसलेल्या बाकीच्या सुजलेल्या गालांनाही सगळं ऐकू जात होतं. घोडे कुठून आले, कुठे गेले, कुठे जिंकले, कुठे नाहीत. हातात लेखणी असली की मी इतका वाईट नाही, असं मला त्या वेळी प्रथमच वाटलं.

डॉक्टर मात्र हुशार निघाले. “म्हणजे घोडी बाईंकडे राहिली तर जिंकेल?”

‘सांगता येत नाही. शक्यता बरी आहे.’

“आणि तलाववाल्यांकडे नेली तर?”

‘तरी तितकीच बरी. पाय बाईंनी बरा केलाय.’

“मग मी का नेऊ नये? जिंकायची ती जिंकेलच की!”

याचं उत्तर माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हतं. बाहेरून कुणीतरी खोकलं. मग मी लिहिलं: ‘पुन्हा लंगडली तर कुणाकडे नेणार? पागा बंद झालेली असेल. आकडा खरा आहे ना, असं बाईंनीच मला पत्रात विचारलंय.’

हे त्यांनी मोठ्याने वाचलं नाही. चष्मा काढला, पुसला.

“बाई पागा बंद करतायत?”

मी मान हलवली.

“मला नाही बोलल्या.” ते स्टुलावर बसले. “तुम्हाला सांगतो, प्रोफेसर. दाताच्या मुळाचं काम करायला लोक माझ्याकडे येतात. किचकट, तासन्‌तास मान मोडून करायचं काम. ते झालं की वरची चकचकीत टोपी बसवून घ्यायला जातात चौकातल्या नव्या दवाखान्यात. तिथे आरसा मोठा आहे. आणि मग चारचौघांत हसून सांगतात, काय सुरेख दात बसवलाय त्या डॉक्टरने!” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “मीही तेच करत होतो की.”

‘आकडा मीच दिला होता,’ मी लिहिलं.

“तुमच्याशी नंतर भांडतो. घोडी राहील तिथेच. धावेल ती बाईंच्याच नावावर. पण हे बाईंना मी सांगणार नाही. मागे भोपळा ऐकवून आलो आणि आज उलटं बोललो, तर त्या म्हणतील डॉक्टरांना दया आली. दयेवर त्या पागा चालवायच्या नाहीत. तुम्ही लिहा. त्यांनी विचारलंय तुम्हाला.”

घरी आलो तेव्हा मेहुणा वाट बघत बसला होता. बायकोने काही विचारलं, मी गालाकडे बोट दाखवलं आणि सरळ टेबलाशी जाऊन बसलो. एकच कागद घेतला.

‘बाई, आपण विचारलंत, आकडा खरा आहे का. बेरीज बरोबर आहे, पण तिचा अर्थ मी उलटा लावला. तुमच्या हाताखाली बरे झालेले घोडे जिथे गेले तिथे जिंकले. दुसरीकडून आलेले त्याच पागांमध्ये हरले. पाय बरा करणं म्हणजे ट्रेनर असणं नव्हे, असं आपण लिहिलंत. या रकान्यात ट्रेनर असणं म्हणजे तेवढंच आहे, आणि माझ्याजवळ जितकी पुस्तकं आहेत त्यांत आपल्यापुढे कुणी नाही. डॉक्टर घोडी आपल्याकडेच ठेवत आहेत. माझ्या सांगण्यामुळे नव्हे, त्यांना हिशोब पटला म्हणून. पागा बंद करू नये.’

बायकोने उभ्या उभ्या वाचलं. पुन्हा वाचलं. मग कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं.

“एकही ‘तथापि’ नाही? दाढ भरता भरता डॉक्टरांनी तेही काढून टाकले की काय?”

मी पाकीट चिकटवून चप्पल घातली. मेहुणा जिन्यावरून माझ्यामागे उतरला.

“भाऊजी, रविवारपर्यंत तरी. चार दिवसांनी असा काय फरक पडतो?”

मी चालत राहिलो. कापूस अजून तोंडात होता, आणि तो काढायची वेळ झाली होती हे मी त्याला सांगितलं नाही. दुकानांवरून, सायकलींच्या रांगेवरून तो माझ्याबरोबर चालत, एकटाच बोलत होता. विमा गळ्यात मारताना बोलतो तसा, न थकता. टपालपेटीपाशी पोहोचल्यावर मी पाकिटावरचा पत्ता वाचला. बरोबर होता. पुन्हा वाचला.

“बरं, घोडी बाईंकडेच राहिली,” तो म्हणत होता, “बाईंच्याच नावावर धावली. तर आपण लावायचं कुणावर?” आणि बोलता बोलता तो एकदम थांबला. “भाऊजी. बाईंच्या नावापुढे भोपळा आहे असं सगळ्यांना मीच सांगितलंय ना?”

मी मान हलवली.

“म्हणजे त्या घोडीवर कुणीच लावणार नाही. बुकी भाव देतील तो केवढा! एकाचे दहा!” त्याने माझा दंड धरला. “अहो, मग उभे काय राहिलात? टाका ना!”

मी पत्र टाकलं.